एक रकाना हवा आहे

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



गेल्या आषाढात आमच्या पतसंस्थेच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि उजवा घोटा मोडला. प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात सहा दिवस काढले. घोट्याबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉक्टरांचा हात चांगला होता, आता जिना चढते-उतरते. हे पत्र घोट्याबद्दल नाहीच. ते माझ्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या एका चकतीबद्दल आहे.

दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठी, पांढरी चकती. तिच्या पोटातून केसासारखी बारीक तार त्वचेखाली जाते आणि पेशींच्या भोवती जे पाणी असतं त्यातली साखर मोजते. दर काही मिनिटांनी आकडा मोबाईलवर येतो, शेजारी बाण असतो: साखर चढतेय, उतरतेय की स्थिर आहे. ठरवलेल्या आकड्याखाली गेली की मोबाईल बोंबलतो. एक चकती दोन आठवडे चालते, साधारण चार-पाच हजार रुपयांना पडते, आणि एकदा काढली की पुन्हा लावता येत नाही. मला एकोणिसाव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला, त्याला आता 27 वर्षं झाली. माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. बाहेरून टोचायचं, आणि किती टोचायचं ते प्रत्येक घासागणिक ठरवायचं. चकती परवडायला लागली तेव्हापासून मी रात्रीची सलग झोपते, एवढं सांगितलं तरी पुरे.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्यामुळे सवयीप्रमाणे आधी आकडेच सांगते.

ऑपरेशननंतरची पहिली रात्र. दहा वाजता सिस्टरनी बोट टोचून साखर घेतली: 178. तक्त्याप्रमाणे इन्सुलिन दिलं, फायलीत लिहिलं, गेल्या. पावणेतीनला उशाखालचा मोबाईल ओरडला. आकडा 66, बाण सरळ खाली. हाताला घाम, ओठाभोवती मुंग्या. बाकावर झोपलेली माझी जाऊ दचकून उठली. पलीकडच्या खाटेवरच्या आजी "कुणाचा हो तो फोन?" म्हणाल्या. सिस्टर आल्या त्या मोबाईलसाठी.

"ताई, सायलेंटवर ठेवा ना. पेशंट झोपलेत."

"सिस्टर, माझी साखर उतरतेय. 66 आहे."

"दहाला 178 होती की. आता सहाला घेऊच."

"एकदा बोट टोचून बघा ना."

"मशीन वर गेलंय. मागवते."

मशीन म्हणजे ग्लुकोमीटर. दोन मजल्यांत मिळून एकच होतं. मी त्याची वाट पाहिली नाही. उशाखाली मोबाईलच्या शेजारी साखरेची पुडी ठेवलेली असते, ती फोडून अंदाजे तीन चमचे तोंडात टाकली, वर पाणी प्याले. आकडा 58 पर्यंत गेला, तिथे घुटमळला, मग वळला. मशीन आलं तेव्हा सव्वातीन झाले होते. बोटावर 84.

आता फायलीत त्या रात्रीचे आकडे काय लागले ते पाहा. रात्री दहा: 178. पहाटे सव्वातीन: 84. सकाळी सहा: 131. अशी रात्र कुणालाही हवीशी वाटेल. सकाळी राऊंडला आलेल्या फिजिशियननी फाईल पाहिली आणि "शुगर मस्त आहे तुमची" म्हणाले. त्यांची चूक नाही, त्यांच्यासमोर होतं तेच ते वाचत होते. 58 फायलीत नव्हताच. तो माझ्या मोबाईलमध्ये होता, आणि रुग्णालयाच्या लेखी माझा मोबाईल ही करमणुकीची वस्तू होती. मी दाखवायला गेले तेव्हा ते हसून म्हणाले, "ते घरी ठीक आहे हो, इथे आमचं मोजमाप चालतं." त्या रात्री तोच इन्सुलिनचा डोस पुन्हा लिहिला गेला.

माझ्या धंद्यात याला रोजकीर्दीत न चढवलेली नोंद म्हणतात. पैसे गेलेले असतात, वही मात्र बरोबर जुळते. हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण शोधायला जावं असं कुणालाच वाटत नाही.

मंत्रिमहोदय, मोबाईल खरा आणि रुग्णालय खोटं असं मी म्हणतेय, असं कृपया समजू नका. तिसऱ्या रात्री माझ्या चकतीने मला साफ फसवलं. दोन वाजता पुन्हा बोंब: 55. मी पुडी फोडणार, तेवढ्यात लक्षात आलं की हाताला घाम नाही, छातीत धडधड नाही. पायाला प्लॅस्टर, उजव्या कुशीवर वळता येत नव्हतं, म्हणून डाव्या दंडावर रेलून झोपले होते. चकती दंडाखाली दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि ती नसलेली घसरण दाखवते. हे ती वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, निदान असायला हवं. या वेळी सिस्टरनी मशीन आधीच खाली आणून ठेवलं होतं. बोटावर 104. त्या माझ्याकडे पाहून काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

आणखी एक. चकती रक्त मोजत नाही. रक्तात आत्ता जे झालं ते तिला पाच-दहा मिनिटांनी कळतं, आणि साखर वेगाने वरखाली होत असेल तेव्हाच हा उशीर जाचतो. रुग्ण अत्यवस्थ असेल, रक्तदाब कोसळला असेल, अंगावर सूज असेल, रक्तात कीटोन चढून आम्लता झाली असेल, तर तिच्या आकड्यावर विसंबू नये. काही चकत्यांना जास्त मात्रेतलं क जीवनसत्त्व चुकवतं, जुन्या काही बनावटींना साधं पॅरासिटामॉल चुकवायचं. घरून आणलेलं ग्लुकोमीटरसुद्धा रुग्णालयात धोक्याचं ठरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2009 साली इशारा दिला होता. पोटातून डायलिसिस करताना वापरल्या जाणाऱ्या एका द्रावणामुळे रक्तात माल्टोज वाढायचं, आणि एका विशिष्ट प्रकारच्या पट्ट्या त्यालाच ग्लुकोज समजून फुगवलेला आकडा दाखवायच्या. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं गेलं आणि 13 माणसं गेली. डॉक्टर माझ्या मोबाईलकडे संशयाने पाहतात त्याला असा इतिहास आहे, आणि तो संशय मला मान्य आहे.

पण मग बोटालाही तोच संशय लावायला हवा. चौथ्या दिवशी दुपारी जावेची मुलगी भेटायला आली, तिला मी मोसंबं सोलून दिलं. हात रुमालाला पुसले. अर्ध्या तासाने सिस्टर आल्या, बोट टोचलं: 296. तक्त्यात 250 च्या वर आठ युनिट. सिरिंज भरायला घेतलीही. मोबाईलवर 151, बाण आडवा. मी हात पुढे करायलाच नकार दिला. शेवटी बेसिनपाशी नेऊन साबणाने हात धुवायला लावले आणि दुसरं बोट टोचलं: 158. मोसंब्याचा रस बोटावर वाळला होता, मशीनने तो मोजला. माझ्या अंगात एक युनिट इन्सुलिन साखर साधारण 40 ने उतरवतं. आठ युनिटांनी किती उतरली असती, हा गुणाकार आपणच करावा. 158 मधून तो वजा जात नाही.

त्या सिस्टरना मी दोष कसा देऊ? एका पाळीला तीस-बत्तीस रुग्ण आणि मदतीला एक मावशी. हात धुवायला लावा हे त्यांना कुणी शिकवलं असेल आणि गर्दीत राहून गेलं असेल. मुद्दा एवढाच, की माझ्या दंडावर दुसरं एक मोजमाप हजर होतं आणि त्यामुळे चूक पकडली गेली. रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या आम्ही उगाच ठेवत नाही. दोन्हींत चुका होतात. ताळा घातला की त्या सापडतात.

याला अर्धशतकापूर्वीची एक गोष्ट जोडते, कारण ती मला सारखी आठवत राहते. 1970 च्या सुमारास अमेरिकेत रक्तातली साखर मोजणारं पहिलं यंत्र आलं. किलोभराहून जड, किंमत साडेसहाशे डॉलर. बनवलं होतं रुग्णालयांसाठी: रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध आणलेला माणूस मधुमेहाने पडलाय की दारूने, हे कळावं म्हणून. रुग्णांना ते विकतच नसत. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या इंजिनिअरला लहानपणापासून टाइप वन होता. त्याची बायको डॉक्टर. तिच्या नावावर त्याने यंत्र मागवलं, दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःचं रक्त मोजू लागला आणि त्यावरून इन्सुलिन बदलू लागला. अनुभव लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला तर कुणी छापेना. रुग्णाने स्वतःची साखर मोजायची ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी हा गृहस्थ वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि डॉक्टर होऊन बाहेर पडला. तेव्हा मोजण्याचं साधन रुग्णालयाकडे होतं आणि रुग्णाला मिळत नव्हतं. आज ते रुग्णाच्या दंडावर आहे आणि रुग्णालय त्याकडे बघत नाही. म्हणजे चक्र उलटं फिरलं, आणि रुग्ण दोन्ही वेळा दाराबाहेरच.

जगात याची वाट निघाली नाही असं नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये कोविडचा कहर असताना अमेरिकेच्या त्याच नियामकाने जाहीर केलं, की रुग्णालयात या चकत्या वापरल्या तर आम्ही हरकत घेणार नाही. परिचारिकेला प्रत्येक बोटासाठी पीपीई किट घालून आत जावं लागू नये हा हेतू. पुढे अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सरळ आलं: रुग्ण घरी चकती वापरत असेल आणि त्याची प्रकृती तशी असेल, तर रुग्णालयातही ती चालू ठेवावी, मात्र इन्सुलिनचा डोस ठरवण्याआधी आणि साखर कमी दिसल्यावर बोट टोचून खात्री करावी. मला जे म्हणायचं आहे ते यापेक्षा फार वेगळं नाही. चकती पहारेकरी, बोट पंच.

आम्हा रुग्णांच्याही खोडी आहेत, त्या लपवत नाही. घरी 110 मिरवणाऱ्या मला रुग्णालयात 170 पाहून राग येतो, आणि मी गुपचूप एक-दोन युनिट जास्त टोचायच्या विचारात असते. असं करू नये. अतिदक्षता विभागातल्या सहा हजारांवर रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. साखर ओढूनताणून घरच्यासारखी खाली ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले होते. तेव्हापासून दाखल रुग्णाची साखर बहुधा 140 ते 180 च्या दरम्यान ठेवतात, मुद्दाम. हे मला पाचव्या दिवशी एका तरुण डॉक्टरने खाटेच्या कडेला बसून समजावलं. पहिल्या दिवशी समजावलं असतं तर चार दिवसांची धुसफूस वाचली असती.

खरी मेख मात्र यंत्रात नाही, ट्रॉलीत आहे. साडेसातला जेवणाआधीचं इन्सुलिन टोचलं जातं, कारण आठला पाळी बदलते. नाश्त्याची ट्रॉली येते पावणेनऊला. कधी नऊला. झटपट काम करणारं इन्सुलिन पंधरा-वीस मिनिटांत कामाला लागतं, त्याला उपम्याची वाट पाहता येत नाही. हा सव्वा तास किती जणांना भोवत असेल, हे कुठल्याही फायलीत दिसणार नाही, कारण त्या सव्वा तासात कुणी मोजतच नाही. माझ्या मोबाईलवर सहा दिवसांच्या सहा सकाळी ओळीने आहेत. ऑपरेशनची आणि शेवटची सकाळ सोडली तर प्रत्येक सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान रेषा खाली वाकलेली आहे, जणू कुणी पट्टीने आखली. पाचव्या दिवशी त्या तरुण डॉक्टरने ती पाहिली, "अरेच्चा" म्हणाला, आणि सहाव्या दिवशी माझं इन्सुलिन ट्रॉलीबरोबर आलं. फक्त माझं. हा आलेख वॉर्डातल्या कुणा एकीकडे असल्याने अख्ख्या वॉर्डाची गडबड दिसली, आणि त्याचा उपयोग एका खाटेपुरता झाला.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचं थोडक्यात सांगते. बारापासून तोंडात पाण्याचा थेंब नाही, म्हणून कुणीतरी फायलीत इन्सुलिनही बंद लिहिलं. टाइप टूच्या बऱ्याच रुग्णांना ते चालून जातं. टाइप वनला खाणं बंद असलं तरी पायाभूत (बेसल) इन्सुलिन बंद करता येत नाही. काही तासांत रक्त आम्लधर्मी होऊ लागतं. मी हटून बसले, फिजिशियनना फोन लागला, डोस कमी करून चालू राहिला. ज्याला हटून बसता येत नाही त्याचं काय, हा विचार तेव्हा आला नाही. नंतर आला.

कारण तेव्हा मी शुद्धीत होते, मला वाचता येतं, आकडे माझ्या रोजच्या कामातले आहेत, आणि उशाशी जाऊ होती. आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. त्यातल्या चकती लावणाऱ्यांची संख्या चिमूटभर. माझी मागणी या चिमटीपुरती आहे असं वाटू नये. घरून ग्लुकोमीटर घेऊन येणारे मात्र पुष्कळ आहेत. सरकारी रुग्णालयात माझ्या मावसभावाजवळ चार रात्री बसले तेव्हा वॉर्डाच्या मशीनच्या पट्ट्या संपल्या होत्या. नातेवाइकांना बाहेरून आणायला सांगितलं, आणलेल्या पट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या निघाल्या. समोरच्या खाटेवरच्या बाबांच्या पिशवीत स्वतःचं चालू मशीन आणि भरलेली डबी होती. ते सकाळ-संध्याकाळ बोट टोचून शाळेच्या जुन्या वहीत लिहीत होते. ती वही कुणी मागितली नाही, त्यांनीही कुणाला दाखवली नाही.

आता मागणी. आपल्या राज्यात महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम 1949 पासून आहे, आणि 2021 च्या सुधारित नियमांमुळे खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावावी लागते. म्हणजे रुग्णालयांच्या भिंतीवर काय असावं हे आपलं खातं ठरवू शकतं. मग फायलीत काय असावं, हेही ठरवता यावं. मला कायदा नको, योजना नको, फुकट चकती तर मागतच नाही. मधुमेहाच्या तक्त्यात एक रकाना हवा आहे. "वॉर्डाचं मशीन" या रकान्याच्या शेजारी "रुग्णाचं स्वतःचं मोजमाप" असा.

तो रकाना आला की बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतील. दाखल होतानाच विचारावं लागेल: घरी काय वापरता, किती वर्षं, आणलंय का? रुग्णाचं यंत्र आणि रुग्णालयाचं यंत्र एकाच वेळी लावून पहिल्याच दिवशी ताळा घालावा लागेल. फरक 20 टक्क्यांच्या आत असेल तर रकाना चालू, नसेल तर त्यावर आडवी रेघ. भोंगा वाजला तर आधी बोट टोचायचं आणि मोबाईल बंद करायला नंतर सांगायचं, हे लिहावं लागेल. रुग्ण शुद्धीत नसेल तेव्हा रकाना आपोआप बंद. एमआरआयच्या आधी चकती काढायची असेल तर ते आदल्या दिवशी सांगायचं. काही माहितीपत्रकांत तसं असतं. माझी पाचव्या दिवसाची चकती दाराशी पोचल्यावर टरकन ओढून कचऱ्याच्या लाल डब्यात गेली. तपासणी सकाळी ठरली होती, दुपारी झाली, मधले तास कुणाच्याही उपयोगाचे नव्हते. नंतरची चकती जावेने घरून आणली आणि मी स्वतः लावली.

अडचण एक आहे, ती मला दिसते. जिल्हा रुग्णालय आपल्याकडे, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दुसऱ्या खात्याकडे, महापालिकेचं तिसरीकडे. तक्ता तीन ठिकाणी तीन प्रकारचा छापला जाईल. छापू दे. रकाना तेवढा एकाच नावाचा असावा.

घोट्यातले स्क्रू येत्या मार्गशीर्षात काढायचे आहेत. त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांकडे. पिशवीत या वेळी दोन चकत्या, पेन, सुया, साखरेच्या सहा पुड्या असतील. आणि पतसंस्थेच्या कोऱ्या कागदावर मी स्वतः पट्टीने आखलेला एक तक्ता: वेळ, बोट, चकती, इन्सुलिन, ताट कधी आलं, आणि शेवटी सिस्टरांच्या सहीची जागा.

आपली,
टाइप वन मधुमेही, पतसंस्थेतली एक हिशेबनीस